गावात कोण कोण राहतं?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गावच्या देवळाच्या जीर्णोद्धारानिमित्त स्मरणिका काढतोय. त्यात मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, बौद्ध, धनगर यांची टक्केवारी द्यायची आहे. ‘सगळं जनगणनेत आहे’ असं पंचायतीत सांगतात. नेमकं कुठे बघायचं? (करवीर तालुका)

जनगणनेत पुष्कळ काही आहे, फक्त तुम्हाला हवं ते नाही. 2011 च्या जनगणनेचा गाववार तक्ता म्हणजे ‘प्राथमिक जनगणना गोषवारा’. जनगणना आयुक्तालयाच्या संकेतस्थळावर तो मिळतो आणि ‘जिल्हा जनगणना हस्तपुस्तिके’च्या ‘ब’ भागातही तोच छापलेला आहे. कोल्हापूरचा जिल्हा संकेतांक 530. तालुका निवडा, गावाची ओळ शोधा. तिथे कुटुंबसंख्या, एकूण लोकसंख्या, पुरुष-स्त्रिया, 0 ते 6 वयाची मुलं, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, साक्षर आणि कामकरी (शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग, इतर) एवढे रकाने मिळतील. मराठा, धनगर, कुंभार, सुतार, परीट यांचा रकाना नाही, कारण स्वातंत्र्यानंतरच्या जनगणनांनी अनुसूचित जाती-जमाती सोडून इतर कोणाची जात मोजलेली नाही. सगळ्या जातींचे तक्ते शेवटचे छापले गेले ते 1931 चे.

धर्म विचारला जातो, पण त्याचे आकडे तालुका आणि शहर इथपर्यंतच प्रसिद्ध होतात. गावाचा धर्मवार आकडा छापलाच जात नाही. जातीचंही असंच: अनुसूचित जातींतली महार, मांग, चांभार, ढोर अशी फोड जिल्ह्यापर्यंत मिळते. म्हणजे ‘आमच्या गावात जैन 11 टक्के, जनगणना 2011’ असं कुठे छापलेलं दिसलं, तर तो आकडा कोणीतरी स्वतः बसवलाय असं समजा.

लिंगायतांचा तर तालुक्याचाही आकडा मिळणार नाही. जनगणनेत धर्माचे संकेतांक सहाच: हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, जैन. बाकीचं नुसतं लिहून घेतात. गडहिंग्लज भागात लिंगायतांची वस्ती किती मोठी आहे हे तिथल्या कोणालाही ठाऊक असतं, पण तक्त्यात ती ‘हिंदू’ या रकान्यात विरघळलेली दिसते.

शोधताना दोन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. पहिला नावाचा. तुमच्याच करवीर तालुक्यात कळंबे तर्फ ठाणे आहे आणि कळंबे तर्फ कळेही. ‘कसबा’ लागलेली गावं जिल्ह्यात किती, ती मोजतच बसावं लागेल. म्हणून नावावर न जाता सहा आकडी गाव-संकेतांकावर जा. दुसरा घोटाळा मोठ्या गावांचा. गांधीनगर, उचगाव, कबनूर, कोरोची यांसारखी गावं 2011 मध्ये ‘जनगणना शहर’ धरली गेली. कारभार ग्रामपंचायतीचा असला तरी खेड्यांच्या यादीत ती सापडत नाहीत, शहरांच्या यादीत बघावी लागतात.

आणि हो, जनगणनेचं गाव म्हणजे महसुली गाव. शाहूवाडी, राधानगरी, भुदरगडकडे एका महसुली गावात चार वाड्या आणि डोंगरावर एखादा धनगरवाडा असतो. तो धनगरवाडा वेगळा दिसत नाही, मूळ गावाच्या बेरजेत जातो. उलट गट ग्रामपंचायत असेल, तर पंचायतीची लोकसंख्या काढायला दोन-तीन गावांच्या ओळी एकत्र कराव्या लागतात.

गोषवाऱ्यातल्या आकड्यांवरून टक्केवारी काढली, पण साक्षरतेचा आकडा तलाठी कार्यालयातल्या फलकाशी जुळत नाही. (राधानगरी तालुका)

भागाकार कशाने केला ते बघा. समजा गावाची लोकसंख्या 1,846, त्यात 0 ते 6 वयाची मुलं 198 आणि साक्षर 1,352. 1,352 ला 1,846 ने भागलं तर 73.2 टक्के येतात. पण साक्षरता सात वर्षांपुढच्या लोकांचीच मोजतात. म्हणून 198 वजा करून 1,648 ने भागायचं. उत्तर 82 टक्के. फलकावर बहुधा हाच आकडा असेल.

अनुसूचित जातींची टक्केवारी मात्र एकूण लोकसंख्येवर. वरच्याच गावात ती संख्या 262 असेल, तर 14.2 टक्के. ग्रामपंचायतीच्या राखीव जागाही याच प्रमाणावर ठरतात. 1,501 ते 3,000 लोकसंख्येला सदस्य 9. नऊला 262 ने गुणून 1,846 ने भागलं की 1.28, म्हणजे एक जागा. स्त्री-पुरुष प्रमाण काढताना स्त्रियांना पुरुषांनी भागून हजाराने गुणायचं, एकूण लोकसंख्येने भागायचं नाही. ही चूक जुन्या स्मरणिकांमध्ये इतकी दिसते की तिच्यावरून कोणी कोणाची नक्कल केली तेही ओळखता येतं.

आमच्या वस्तीत बौद्ध घरं साठ आहेत, मग अनुसूचित जातींचा आकडा एवढा कमी का? (पन्हाळा तालुका)

धर्म आणि जात हे दोन वेगळे प्रश्न आहेत. अनुसूचित जातीत नोंद होण्यासाठी धर्म हिंदू, शीख किंवा बौद्ध असावा लागतो आणि जातीचं नाव राज्याच्या यादीतलं असावं लागतं. महाराष्ट्राच्या यादीत 59 नोंदी आहेत. बौद्धांचा समावेश 1990 च्या दुरुस्तीने झाला, शिखांचा 1956 मध्ये. घरात विचारल्यावर ‘धर्म बौद्ध, जात महार’ असं सांगितलं तर माणूस दोन्हीकडे मोजला जातो. ‘बौद्ध’ एवढंच सांगून जातीचं नाव दिलं नाही, तर तो धर्माच्या बेरजेत येतो आणि अनुसूचित जातींच्या बेरजेतून निसटतो. जातीचं नाव टाकून देणं हाच ज्यांच्यासाठी धर्मांतराचा अर्थ होता, त्यांनी ते नाव सांगू नये यात नवल काही नाही. पण पंचायतीच्या राखीव जागा त्याच आकड्यावर ठरतात, हेही खरं.

कोडोलीसारख्या, जिथे मिशनचं काम जुनं आहे, अशा भागात आणखी एक पदर आहे. त्याच वस्तीतल्या ख्रिश्चन घरांची मूळ जात तीच असली, तरी ती अनुसूचित जातींत धरली जात नाहीत. एका गल्लीतल्या दोन सख्ख्या चुलत भावांची कुटुंबं दोन वेगळ्या रकान्यांत गेलेली असू शकतात.

मतदार यादीतल्या आडनावांवरून समाजवार अंदाज काढला तर चालेल का? निवडणुकीत सगळे तसंच करतात. (हातकणंगले तालुका)

निवडणुकीत चालत असेल, छापायला चालणार नाही. मतदार यादीत जात नसते आणि धर्मही नसतो. आपल्या भागात तर आडनाव हा सगळ्यात फसवा पुरावा. पाटील ही वतनदारी, जात नव्हे. मराठा पाटील आहेत, जैन पाटील आहेत, लिंगायत पाटील आहेत आणि मुस्लिम पाटीलही आहेत. चौगुले, मगदूम मराठ्यांतही आहेत आणि जैनांतही. देसाई किती समाजांत आहेत ते गडहिंग्लज-आजऱ्याकडे विचारा. कांबळे बौद्धांत आहेत, चर्मकारांत आहेत, ख्रिश्चनांतही आहेत. शिरोळ-हातकणंगले पट्ट्यात ‘पाटील म्हणजे मराठा’ धरून हिशेब मांडला, तर जैनांचा आकडा पार कोसळतो.

शिवाय यादीत अठरा वर्षांखालचं कोणीच नाही. पुण्या-मुंबईला कायमचे गेलेले मात्र आहेत, फक्त मतदानाला एसटीने येणारे. कोणत्या समाजातली पोरं नोकरीला जास्त बाहेर गेली, यावर चूक कुठल्या बाजूला झुकेल ते ठरतं.

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आणि जुन्या कोतवाल बुकात (गाव नमुना 14, जन्म-मृत्यूची नोंद) जात लिहिलेली असते हे खरं. जात पडताळणीसाठी लोक तीच नोंद शोधतात: अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 पूर्वीची, विमुक्त जाती-भटक्या जमातींना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीची, इतर मागासवर्गाला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीची. पण ती व्यक्तीच्या कामाची नोंद. त्यावरून गावाची टक्केवारी काढायला बसलात, तर शाळेत न गेलेली माणसं सुटतात आणि माहेरी जन्मलेली बाळं दुसऱ्याच गावात मोजली जातात.

मग स्वतःच पाहणी करायची ठरवली तर? गावात साधारण चारशे घरं आहेत. कॉलेजची आठ मुलं तयार आहेत. (कागल तालुका)

होईल, आठवड्याचं काम आहे. पण ग्रामसभेत आधी सांगा की कशासाठी विचारतोय आणि काय छापणार. हे न करता पोरं वही घेऊन दारात गेली, की तिसऱ्या घरी ‘कुठल्या पक्षाचे रे तुम्ही?’ हा प्रश्न येतोच.

घरांची यादी ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वरून घ्या, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीवरून. ती पुरेशी नसते. नोंद नसलेली घरं, शेतातल्या वस्त्या, भाड्याच्या खोल्या यांच्यासाठी एक दिवस नुसतं गल्लीगल्लीने फिरून प्रत्येक दाराला खडूने क्रमांक टाका आणि हातनकाशा काढा. हा दिवस वाचवू नका. सुटलेली घरं नेहमी एकाच प्रकारची असतात: गावाच्या कडेची, भाड्याची, गरिबांची. ती सुटली की टक्केवारी वाकडीच होते.

कुटुंब म्हणजे एक चूल. रेशनकार्ड नव्हे. एका चुलीवर जेवणाऱ्या घरात तीन कार्डं असतात, आणि उलट एकाच कार्डावरचे दोन भाऊ वेगळे शिजवतात. ‘गेले सहा महिने इथे राहतो का, किंवा पुढचे सहा महिने राहणार का’ हा एक नियम ठरवा आणि तो सगळ्यांना सारखा लावा. सैन्यातला मुलगा, पुण्यातला इंजिनिअर, हॉस्टेलची मुलगी यांना वेगळ्या रकान्यात लिहा.

प्रश्न सातच ठेवा: माणसं किती, प्रत्येकाचं वय आणि लिंग, धर्म, जात, घरात बोलायची भाषा, जन्म कोणत्या तालुक्यात, या गावात किती वर्षं. धर्म-जातीचे पर्याय वाचून दाखवू नका. ते सांगतील तोच शब्द तसाच लिहा. कोणी ‘हिंदू-जैन’ सांगेल, कोणी ‘वीरशैव’, कोणी ‘हिंदू लिंगायत वाणी’, कोणी नुसतं ‘माणूस’ म्हणेल. गट नंतर, सगळे कागद समोर ठेवून, दोघांनी मिळून पाडायचे आणि कोणता शब्द कुठे टाकला ते वहीत लिहून ठेवायचं. सांगायचं नसेल तर ‘सांगितले नाही’ हा रकाना पाहिजेच. तो पाचाहून जास्त टक्के झाला, तर पाहणी करणाऱ्यांचं कुठेतरी चुकलंय असं समजा. बऱ्याचदा एकाच आळीतली पोरं सगळीकडे पाठवलेली असतात. म्हणून जोड्या मिसळून करा आणि प्रत्येक जोडीत एक मुलगी असू द्या. जन्मगावाचा प्रश्न बायकांच्या बाबतीतच सगळ्यात बोलका असतो. निपाणी, चिकोडीकडून आलेल्या सुनांमुळे घरातल्या भाषेच्या रकान्यात कन्नड अचानक वाढलेली दिसेल.

चार जोड्या, जोडीला रोज पंचवीस घरं, चार दिवस. सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी सहानंतर. भुईमुगाच्या काढणीत आणि ऊसलागणीच्या धांदलीत हे काम काढू नका. पाचवा दिवस बंद घरांसाठी ठेवा. मग चारशेतली वीस घरं दुसऱ्या जोडीने पुन्हा तपासायची. वीसपैकी दोनपेक्षा जास्त ठिकाणी माणसांची संख्या जुळली नाही, तर ज्या जोडीच्या कागदांत चुका निघाल्या तिची सगळी घरं परत.

छापताना कागदावरची नावं काढा. पाच घरांपेक्षा लहान गट ‘इतर’मध्ये टाका. गावात परटाचं एकच घर असेल आणि तुम्ही ‘परीट 0.3 टक्के, बाहेर जन्मलेले 2’ छापलंत, तर टक्केवारी नव्हे, त्या घराची चव्हाट्यावर चर्चा छापलीत.

मुलगी-जावई अमेरिकेत ओहायो राज्यातल्या एका खेड्यात राहतात. त्या गावाच्या माहितीत ‘लोकसंख्या 250, गोरे 96.8 टक्के, कृष्णवर्णीय 0.4, आशियाई 1.2, दोन किंवा अधिक वंशाचे 1.6, शिवाय हिस्पॅनिक 3.2’ असं आहे. बेरीज शंभरावर जाते. आणि ते 1.2 टक्के म्हणजे आमचीच मंडळी का? (कोल्हापूर शहर)

हिशेब तुम्ही बरोबर पकडलात. 250 चे 1.2 टक्के म्हणजे तीन माणसं. मुलगी, जावई आणि नातू असतील, तर त्या गावाचा अख्खा ‘आशियाई समाज’ तुमच्या घरचा.

बेरजेचं उत्तर सोपं आहे. अमेरिकेच्या 2020 च्या जनगणनेत वंश आणि हिस्पॅनिक मूळ हे दोन वेगळे प्रश्न होते. पहिल्या चार आकड्यांची बेरीज शंभर होते. हिस्पॅनिक माणूस कोणत्याही वंशाचा असू शकतो, म्हणून 3.2 टक्के त्या शंभराच्या आतच आहेत, वर जोडायचे नाहीत. 2000 पासून एकाहून जास्त वंशांवर खूण करता येते, म्हणून ‘दोन किंवा अधिक’ हा गट. 2024 मध्ये तिथल्या सरकारने हे दोन प्रश्न एकत्र करायचं आणि पश्चिम आशिया-उत्तर आफ्रिका असा नवा गट घालायचं ठरवलं आहे.

वंश तिथे माणूस स्वतः सांगतो, रक्त तपासून ठरत नाही. आपल्या लोकांचीच कहाणी बघा. 1920 ते 1940 च्या तीन जनगणनांत भारतातून गेलेल्यांचा वंश ‘हिंदू’ असा लिहीत, मग माणूस शीख असो की मुसलमान. 1970 मध्ये त्यांना गोऱ्यांत धरलं. 1980 पासून ‘एशियन इंडियन’ हा वेगळा चौकोन आला. साठ वर्षांत माणसं तीच, वंश तीन.

आता सावधगिरीची गोष्ट. 2020 च्या आकड्यांत व्यक्तीची ओळख लपवण्यासाठी मुद्दाम थोडी गणिती ढवळाढवळ केलेली आहे. राज्याची एकूण लोकसंख्या जशीच्या तशी, पण 250 वस्तीच्या गावातले तीन प्रत्यक्षात दोन किंवा पाच असू शकतात. मोजणीचा दिवस 1 एप्रिल 2020. मुलगी त्यानंतर तिथे गेली असेल, तर ते तिघे दुसरेच कोणीतरी.

‘वळिवड्यात एकेकाळी हजारो गोरे लोक राहायचे’ असं ऐकतो. पण जुन्या जनगणनेत काहीच सापडत नाही. खरं की दंतकथा? (करवीर तालुका)

खरं. दुसऱ्या महायुद्धात घरदार तुटलेल्या पोलिश निर्वासितांची छावणी वळिवड्याला होती, 1943 ते 1948. सुमारे पाच हजार माणसं, त्यांत बायका-मुलंच जास्त. शहरातल्या महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे.

जनगणनेत ते सापडत नाहीत कारण वर्षं जुळत नाहीत. 1941 ची मोजणी ते येण्याआधी झाली आणि 1951 ची ते गेल्यावर. मधल्या काळात एका खेड्याच्या शिवारात पाच हजारांचं पोलिश गाव वसलं आणि उठलं, दशवार्षिक मोजणीला त्याचा पत्ता नाही. पुढे त्याच जागी फाळणीनंतर आलेले सिंधी निर्वासित वसले, तेच आजचं गांधीनगर. म्हणून 1941 आणि 1951 चे तक्ते शेजारी ठेवून वाचलंत, तर वाटेल की सिंधी मोकळ्या माळावर आले. ते आले पोलिश लोकांनी सोडलेल्या छावणीत.

ऊसतोड मजूर गावाच्या लोकसंख्येत धरतात का? (शिरोळ तालुका)

2011 ची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारीला झाली, ऐन हंगामात. त्या सगळ्या दिवसांत जो आपल्या गावी नव्हताच, तो तिथे धरत नाहीत, जिथे सापडेल तिथे धरतात. त्यामुळे नदीकाठच्या ऊसपट्ट्यातल्या एखाद्या गावात अनुसूचित जातींचा किंवा शेतमजुरांचा आकडा अचानक फुगलेला दिसला, तर आधी त्या वर्षी गावात टोळ्या किती उतरल्या होत्या ते जुन्या माणसांना विचारा. गोषवाऱ्यातून हे वेगळं काढता येत नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीखही 1 मार्च 2027 आहे, म्हणजे पुन्हा मजुरांच्या कोप्या (झोपड्या) उभ्या असतानाच. त्या मोजणीत सगळ्यांची जात विचारायचं सरकारने एप्रिल 2025 मध्ये जाहीर केलं आहे.

आमचं गाव मूळ आर्य की द्रविड? (आजरा तालुका)

1901 च्या जनगणनेचे आयुक्त रिस्ले यांनी नाकांची आणि डोक्यांची मापं घेऊन मराठ्यांना ‘शक-द्रविड’ ठरवलं होतं. ते शास्त्र केव्हाच मोडीत निघालं. आर्य आणि द्रविड ही भाषाकुळांची नावं आहेत. तुमच्या गावात मराठी बोलतात, पलीकडे कन्नड, आणि सुना दोन्हीकडून येतात.